विचारा तर खरं : माणसं येतात, शोधतात आणि फोन न करताच जातात

प्रश्न : ताई, नमस्कार. इंदिरानगरला आमची छोटी इस्टेट एजन्सी आहे. वडिलांनी टेबल-खुर्ची टाकून सुरू केली, आता मी बघतो. जुने-नवे फ्लॅट, रो हाऊस, थोडे गाळे, झालंच तर भाड्याचं काम. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली. प्रॉपर्टी शोधायची सोय आहे, वर एक टाइप करायची चौकट आणि खाली एरिया, बजेट, बीएचके. गूगल ॲनालिटिक्सही लावलंय. महिन्याला साधारण १,९०० माणसं येतात आणि शोधाच्या पानावर सरासरी साडेतीन मिनिटं थांबतात. वेबसाइट बघून केलेले फोन मात्र महिन्याला सात-आठ. वेबसाइटवाला म्हणतो डिझाइन जुनं झालं, ६० हजारांत नवं करून देतो, दोन डिझाइनं शेजारी चालवून कुठलं चालतं तेही बघू. वडील म्हणतात, बंद कर ते, माझी डायरी बरी. कोणाचं ऐकू? ॲनालिटिक्सचा पासवर्ड सोबत लिहिलाय, एकदा बघून सांगा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिलं काम, तो पासवर्ड बदला. मी तो वापरला नाही, पण हे पत्र माझ्याकडे येईपर्यंत मासिकाच्या कार्यालयात चारपाच जणांच्या हातून गेलंय. ॲनालिटिक्समध्ये दुसऱ्याला नुसतं बघू देण्याची सोय असते, ‘व्ह्यूअर’ म्हणून. नंतर आपलं फोनवर बोलणं झालं तेव्हा तुम्ही ती दिलीत, म्हणून हे उत्तर दोन महिने उशिरा येतंय.

त्या फोनवर मी वेबसाइटचं कमी आणि डायरीचं जास्त विचारलं. तुम्ही जरा वैतागलात, पण फोन वडिलांकडे दिलात. काका म्हणाले, ‘डाव्या पानावर आलेला माल, उजव्या पानावर पार्टीची रिक्वायरमेंट.’ डावीकडे ‘राजीवनगर, टू बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही’. उजवीकडे ‘बँकेतले साहेब, बदलून आलेत, शाळा जवळ हवी, जूनच्या आत’. सकाळचा चहा होईपर्यंत दोन्ही पानांवर नजर फिरवायची आणि कोणाला काय दाखवायचं ते ठरवायचं. तुमच्या वेबसाइटवर काकांचं डावं पान तेवढं चढलंय. उजवं पान कोणी चढवलंच नाही.

आता ती साडेतीन मिनिटं. हा आकडा तुम्ही जरा अभिमानाने लिहिलाय, म्हणून सांगते. लेखाच्या पानावर वाचक साडेतीन मिनिटं थांबला तर आमच्यासारख्यांनी पेढे वाटावेत. पण एसटीच्या आरक्षण खिडकीवर एक माणूस साडेतीन मिनिटं उभा राहिला, तर मागची रांग काय म्हणते? शोधाचं पान ही खिडकी आहे. तिथे माणूस लवकर सुटला पाहिजे, आणि सुटून एखाद्या फ्लॅटच्या पानावर गेला पाहिजे. शिवाय त्या सरासरीत तुम्ही स्वतः आहात. तुमच्या ऑफिसातला मुलगा दिवसभर फोटो चढवतो आणि नीट आले का ते बघायला तेच पान पुन्हा पुन्हा उघडतो. ॲनालिटिक्सला तो गिऱ्हाईकच वाटतो. ऑफिसच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, म्हणजे त्या जोडणीचा नंबर, देऊन ही वर्दळ वगळता येते (तो फिल्टर सुरुवातीला ‘टेस्टिंग’वर असतो, तो ‘ॲक्टिव्ह’ करावा लागतो, हे निम्मे लोक विसरतात), पण तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करता, तिथे पत्ता सारखा बदलतो. त्यापेक्षा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये गूगलचंच ॲनालिटिक्स बंद ठेवणारं एक्स्टेंशन टाका.

मग मी लोक काय शोधतात ते बघायला गेले. रिपोर्ट कोरा. दोन वर्षांत एकही शोध नोंदलेला नाही.

याचं कारण साधं आहे. गूगल ॲनालिटिक्स शोध ओळखतं ते ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्यावरून. प्रश्नचिन्हानंतर क्यू, एस, सर्च, क्वेरी, कीवर्ड यांतलं काही दिसलं, की त्यापुढचा शब्द ते शोध म्हणून उचलतं. वेगळं नाव वापरलं असेल तर सेटिंगमध्ये तेही सांगता येतं. तुमच्या वेबसाइटवर सिडको टाइप करा नाहीतर गंगापूर रोड निवडा, यादी जागच्या जागी बदलते आणि वरचा पत्ता ढिम्म हलत नाही. दिसायला छान, पण मोजणाऱ्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. त्याचा आणखी एक तोटा तुमच्या लक्षात आला नसेल. एखाद्या बाईंनी शोधून काढलेली यादी नवऱ्याला व्हॉट्सॲप केली, तर त्याच्याकडे उघडतं ते कोरं पान. घर काही एकटं माणूस ठरवत नाही. पत्ता बदलायला लावा, म्हणजे मोजणीही होईल आणि यादी घरात फिरेल.

आणखी एक सेटिंग लगेच हाताळा. बारकाईने चाळायला लागणारा तपशील ॲनालिटिक्स मुळात दोनच महिने ठेवतं. तो १४ महिन्यांपर्यंत वाढवता येतो, एका मिनिटाचं काम आहे. घरांच्या धंद्यात दसरा-पाडव्याचा हंगाम असतो, दोन महिन्यांच्या नोंदीवर गेल्या दसऱ्याशी तुलना कशी करणार? पुसलं गेलेलं मात्र परत येत नाही.

पण गूगलवर सगळं सोडून बसायचं कारण नाही. तुमच्या वेबसाइटवाल्याला मी एवढंच सांगितलं, की तुमच्याच डेटाबेसमध्ये एक तक्ता कर, चार रकाने : तारीख-वेळ, काय टाइप केलं किंवा निवडलं, किती प्रॉपर्टी सापडल्या, पुढे कशावर बोट ठेवलं. कोण होतं ते लिहायचं नाही. त्याने एका दुपारी केलं. (त्या दुपारचे पैसे त्याला द्या. ६० हजारांचं काम हुकतंय म्हणून तो आधीच खट्टू आहे.)

तीन आठवड्यांनी ती यादी मी छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. ४१२ शोध, त्यातल्या १३७ पुढे सापडलेल्या प्रॉपर्टींची संख्या शून्य. म्हणजे दर तिघांत एक जण दाराशी आला, आहे का म्हणाला, आणि नाही ऐकून गेला. काकांचं उजवं पान ते हेच.

त्या १३७ मध्ये ३१ वेळा एकच शब्द होता, सिडको. तुमच्याकडे त्या वेळी सिडकोत १४ फ्लॅट होते! झालं असं, की वेबसाइट करताना एरियांची यादी महापालिकेच्या विभागांवरून उचलली, आणि महापालिकेच्या दप्तरी सिडकोचं नाव ‘नवीन नाशिक’. मी नाशिकची सून, पंचवीस वर्षं झाली, ‘नवीन नाशिकला जाऊन येते’ असं म्हणणारं माणूस मला अजून भेटायचंय. रिक्षावाल्यालाही सिडकोच सांगावं लागतं. कागदावर कुठलं नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा, शोधाला दोन्ही कळली पाहिजेत. हाच प्रकार छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगरचा. नवं नाव छापा, जुन्या नावाने शोधणाऱ्याला हाकलू नका.

पुढचा गठ्ठा लिहिण्याच्या तऱ्हांचा. ‘२ बीएचके’ मराठी आकड्यात, इंग्रजी आकड्यात, मध्ये जागा सोडून, न सोडता, ‘टू बीएचके’ अक्षरात. तुमच्या चौकटीला यातली एकच तऱ्हा कळत होती. म्हसरूळचं ‘रू’ दीर्घ तिला चालत होतं, ऱ्हस्व चालत नव्हतं. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी घरात बदनाम आहे, पण हे ऐका : वहीत चालणार नाही ती चूक शोधाच्या चौकटीत चालवून घ्यायची असते. मराठी आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे, मधल्या जागा काढून टाकायच्या, ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं, आणि हे दोन्ही बाजूंना करायचं, शोधणाऱ्याच्या शब्दाला आणि तुमच्या यादीलाही. वेबसाइटवाल्याला एवढं सांगितलंत की तो समजेल.

नऊ जणांनी ‘ग्राउंड फ्लोअर’ किंवा ‘तळमजला’ लिहिलं होतं. इथे मी पेन्सिल खाली ठेवली. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मी तिच्यासाठी नाशिकरोडला तळमजल्यावरचं घर शोधत होते. एका मोठ्या वेबसाइटवर (तुमच्या नव्हे) मजला निवडायची यादी १ पासून सुरू होत होती. शून्य नाहीच. मग मी एरियाच्या चौकटीत ‘ग्राउंड फ्लोअर’ लिहून पाहिलं, तर असा एरिया सापडत नाही असं उत्तर आलं. त्यांच्या कुठल्या तरी रिपोर्टात माझी ती ओळ आजही पडून असेल. आईला घर मिळालं ते भाजीवालीकडून. तुमच्या नऊ जणांना कोण भेटलं ते आपल्याला कळणार नाही, पण मजल्याच्या यादीत तळमजला आजच घाला आणि लिफ्ट आहे का हेही यादीतच दिसू द्या.

चार ओळींत नुसते दहा आकडी मोबाइल नंबर होते. तुम्ही हसलात. मला आधी घाम फुटला, कारण असे नंबर ॲनालिटिक्सकडे जाऊ देणं गूगलच्याच नियमात बसत नाही, आणि आपल्याकडेही २०२३ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. सलग दहा आकडे दिसले की ते नोंदीतून खोडायची सोय करून घ्या. पण त्या चौघांना म्हणायचं काय होतं ते बघा. तुम्हीच फोन करा, एवढंच. चौकट रिकामी दिसली, त्यांनी नंबर टाकला. म्हणून जिथे आज ‘नो रिझल्ट्स’ एवढं इंग्रजीत येतं, तिथे मराठीत लिहा की आत्ता असं घर आमच्याकडे नाही, नंबर ठेवलात तर आलं की कळवू. नंबर कशासाठी वापरणार, तेही तिथेच लिहा. आणि जमलेले नंबर काकांच्या डायरीत जाऊ देत.

दोन-तीन ओळी पी या अक्षराने सुरू होणाऱ्या लांबलचक नंबरच्या होत्या. तुम्हाला तो कचरा वाटला. तो महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक आहे, कोणीतरी जाहिरातीवरून उतरवून तुमच्याकडे चिकटवलेला. बिल्डरच्या जाहिरातीत हा क्रमांक द्यावाच लागतो, ऑगस्ट २०२३ पासून त्याबरोबर क्यूआर कोडही. जो माणूस क्रमांक घेऊन शोधतो तो वेळ घालवायला आलेला नसतो. नव्या प्रकल्पांच्या पानांवर क्रमांक लिहिलेला आहेच, तो शोधात सापडू द्या. क्षेत्रफळाचंही तसंच. रेरा कायदा आल्यापासून नव्या घराचं माप कार्पेटमध्ये, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेत, सांगायचं असतं, बोलताना मात्र लोक अजून भिंती-जिने धरून सुपर बिल्टअपच धरतात. ९५० लिहिणाऱ्याला तुमचा ६४० कार्पेटचा फ्लॅट दिसत नाही, तो दोघांच्या मनात एकच असला तरी. चौकटीवर ‘कार्पेट’ असं ठळक लिहा, आणि जमलं तर ती चौकट काढूनच टाका, बीएचके पुरतं.

उरलेल्यांपैकी २२ जण पाथर्डी फाट्याला भाड्याने वन बीएचके शोधत होते, आणि तुमच्याकडे तो खरंच नव्हता. इथे वेबसाइटचा काही दोष नाही. हा कागद काकांना द्या. पाथर्डी फाट्याच्या सोसायट्यांत त्यांची ओळख आहे, दोन वॉचमनना सांगून ठेवलं की काम होईल.

आता बजेट. ही गोष्ट तक्त्यात दिसली नसती. शोधणाऱ्याचं बोट पडद्यावर कुठे फिरतं ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी नावाचं साधन फुकट मिळतं. ते आपण दहा दिवस लावलं, तशी सूचनाही वेबसाइटवर टाकली. त्यातलं एक चित्रण मी तीनदा बघितलं. रात्रीची वेळ, साधा अँड्रॉइड फोन. बोट बजेटच्या सरकपट्टीवर येतं. ३५ लाख. जरा सरकतं, ६१. मागे, ३३. पुन्हा पुढे, ५८. थांबतं. मग पट्टी सोडून खाली यादीकडे जातं, दोन फ्लॅट बघतं, वर येतं, पुन्हा पट्टी, ६४. पान बंद. माणूस बहुधा ४५ वर थांबायचा प्रयत्न करत होता.

हिशेब मांडून पाहा. पट्टी ५ लाखांपासून ५ कोटींपर्यंत. साध्या फोनच्या ३६० बिंदूंच्या रुंदीत तिला मिळतात सुमारे ३०० बिंदू. म्हणजे एका बिंदूला एक लाख ६५ हजार. तुमचा बहुतेक माल ३० ते ६० लाखांतला, तो सगळा १८ बिंदूंत कोंबलाय. बोटाने दाबायची जागा निदान ४८ बिंदूंची असावी असं अँड्रॉइडवाले स्वतः सांगतात. तुमच्या गिऱ्हाइकाने सुईच्या टोकाने फोन वापरला तरच ही पट्टी चालेल. सरळ बटणं द्या : ३० लाखांपर्यंत, ३० ते ४५, ४५ ते ६०, ६० च्या वर. आणि प्रत्येक बटणावर तिथे किती घरं आहेत तो आकडा. फक्त ८५ प्रॉपर्टी असताना पाच अटी एकापुढे एक लावल्या की शून्य यायला वेळ लागत नाही. आकडा आधी दिसला तर माणूस त्या बोळात शिरतच नाही.

नव्या डिझाइनच्या ६० हजारांचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. दोन डिझाइनं शेजारी चालवायचं मात्र विसराच. १,९०० माणसांमागे आठ फोन, म्हणजे हजारी चार. एका डिझाइनने फोन दुप्पट केले हे खात्रीने म्हणायला प्रत्येक बाजूला सुमारे सहा हजार माणसं लागतील. सहा महिने निघून जातील आणि मधे दिवाळी येईल. एवढ्या वर्दळीत टक्केवारी काढण्यापेक्षा १३७ ओळी डोळ्यांनी वाचलेल्या बऱ्या. मोठ्या पोर्टलवाल्यांना हे सुख नाही, त्यांच्याकडे ओळी लाखांत असतात.

आणि ते सात-आठ फोन तुम्ही मोजता कसे, हेही विचारून घेतलं. जो सांगतो ‘वेबसाइटवर बघितलं’, तो धरता. फोनच्या बटणावरचा टॅप आपोआप मोजला जात असेल असं धरू नका, टॅग मॅनेजर या गूगलच्या मोजणी बसवायच्या साधनातून त्याचा वेगळा इव्हेंट, म्हणजे नोंद, लावून घ्या आणि ॲनालिटिक्समध्ये तो ‘की इव्हेंट’, म्हणजे महत्त्वाची नोंद, म्हणून नोंदवा. व्हॉट्सॲपच्या बटणाचंही तेच. आणि फोन उचलणाऱ्याने पहिल्यांदा विचारावं की काय शोधत होतात. उत्तर ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत लिहावं, दुरुस्त न करता.

सिडको, आकडे, तळमजला आणि बजेटची बटणं एवढं करून महिना झाला. शून्याच्या ओळी १३७ वरून ५२ वर आल्या, फोन आठाचे अकरा झाले. ५२ वर माझा विश्वास आहे. अकराचा आनंद एवढ्यात करू नका, तीन फोन योगायोगानेही येतात.

प्रश्न : कराडजवळ प्लॉट आणि शेतजमिनीचं काम करतो. आमच्या वेबसाइटवर लोक ‘५ गुंठे’ लिहितात, यादीत स्क्वेअर फूट आहे. काही सापडत नाही. गावाचं नावही कधी सापडतं कधी नाही, दिसायला अगदी तेच असूनही. कॉम्प्युटर खराब आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : कॉम्प्युटर ठणठणीत आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. ४० गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, आणि आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट, गुंठ्याहून किंचित लहान. बोलताना दोन्ही एकच धरतात, जाहिरातीत धरू नका. मोजमाप आत एकाच एककात ठेवा, चौरस मीटर उत्तम, आणि शोधताना गुंठा, आर, एकर, फूट सगळं स्वीकारा. ‘५ गुंठे’ला हुबेहूब ५,४४५ फूटच शोधू नका. थोडं अलीकडचं-पलीकडचंही दाखवा, जमीन काही फ्लॅटसारखी साच्यातून निघत नाही.

नावाची गंमत अशी, की ‘कऱ्हाड’ दोन प्रकारे टाइप होतं. कोणाच्या कीबोर्डवर टिंबाचा ऱ हे स्वतंत्र अक्षर, कोणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं वाटतात. ते अदृश्य चिन्ह काढून टाकायला आणि ऱ चा र धरायला सांगा. ‘कराड’ला मात्र जोडीचं नाव म्हणून हाताने लिहावं लागेल. शिवाय खुर्द आणि बुद्रुक पुढे लावल्याशिवाय नुसतं गावाचं नाव आलं, तर दोन्ही दाखवा आणि विचारा की कुठलं. भलत्या बुद्रुकला साइट व्हिजिटला नेलेली पार्टी परत येत नाही.

प्रश्न : भाड्याच्या घरांच्या एका ॲपवर काम करतो. आमच्या डेटाबेसमधले शोध आणि ॲनालिटिक्समधले शोध जुळत नाहीत, ॲनालिटिक्स नेहमी कमी दाखवतं. साहेब रोज विचारतात खरा आकडा कुठला.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डेटाबेसचा, जर त्यातून बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप शोधणारे प्रोग्रॅम, वगळले असतील तर. ॲनालिटिक्स वापरणाऱ्याच्या फोनवर चालतं. कोणी जाहिरात अडवणारं साधन लावलं, कोणी संमती नाकारली, कोणाचं नेट लोकलमध्ये कळव्याच्या पुढे गेलं, की नोंद गळते. ॲनालिटिक्स कुठून आले आणि पुढे कुठे गेले यासाठी ठेवा, किती शोधलं यासाठी नको. साहेबांना एकच आकडा रोज पाठवा आणि तो कुठून घेतला ते शेजारी लिहा. तफावत रोज साधारण तेवढीच असेल तर निवांत राहा. एखाद्या दिवशी एकदम वाढली, तर आदल्या दिवशी ॲपची नवी आवृत्ती कोणी सोडली ते विचारा.

प्रश्न : कोल्हापुरात फ्लॅट रीसेलचं काम आहे. ॲनालिटिक्सप्रमाणे आमच्या वेबसाइटवर सगळ्यांत जास्त गर्दी सकाळी आठ ते नऊ. म्हणून एका मुलाला सकाळी आठला फोनवर बसवलं. दोन महिने झाले, त्या वेळेत फोन जवळजवळ नाहीतच. लोक बघतात पण बोलत का नाहीत?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या ॲनालिटिक्सचं घड्याळ अमेरिकेत आहे. खातं उघडताना वेळेचा प्रदेश बदलला नाही तर तो लॉस एंजेलिसचाच राहतो. तिथल्या उन्हाळ्यात सकाळचे आठ म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. जेवणं उरकून, मालिका चालू असताना, एक डोळा फोनवर ठेवून माणसं घरं बघत असतात. सेटिंगमध्ये भारत निवडा, बदल आजपासून पुढेच लागू होईल, मागचे रिपोर्ट तसेच अमेरिकन राहतील. त्याच पानावर चलनही बघा, डॉलर असेल. मुलाला सकाळी झोपू द्या, रात्री आठ ते दहा बसवा, आणि त्या दोन महिन्यांच्या पहाटेच्या उठण्याबद्दल त्याला एखादा मिसळीचा रविवार देणं लागता.